टाइमलाइनवरचा यतिभंग

मराठीच्या विभागांत गेल्या काही वर्षांत एक नवे काम शिरले आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी गावोगाव जातात. आजीच्या ओव्या, गोंधळ्याचे आख्यान, एखादे कीर्तन, एखाद्या कवीचे वाचन मोबाइलवर टिपून आणतात आणि घरच्या संगणकावर त्याचे संकलन करतात. इथे अडचणी सुरू होतात. चित्र अडखळते, ओठ आणि शब्द यांची फारकत होते, दहाव्या मिनिटाला टाळी आधी ऐकू येते आणि हात नंतर जुळतात. विद्यार्थ्याला अशा वेळी बहुधा एकच सल्ला मिळतो : हे तांत्रिक आहे, संगणक कळणाऱ्या मित्राला विचार. या सल्ल्याशी आमचा मतभेद आहे. मौखिक वाङ्मयाच्या चित्रमुद्रणातील कालदोष हा आमच्या मते पाठदोष आहे, आणि पाठदोषाची चिकित्सा हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे.

असे म्हणण्याचे कारण छंदःशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सापडेल. लघु-गुरू हा उच्चारकाळाचा भेद आहे, मात्रा हे काळाचे माप आहे आणि यती म्हणजे विरामाचे स्थान. छापील पानावर यातले फार थोडे उरते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या वाचताना शब्द, प्रतिमा, नातीगोती सगळे हाती येते. पण जाते ओढताना श्वास कुठे घेतला, दुसरीने ओळ कुठे उचलली, हे ऐकल्यावाचून कळत नाही. मुद्रणाचे मोल या काळात आहे. तोच बिघडला तर ती चित्रफीत लिखित संहितेहून अधिक काही देत नाही. उलट खोटी लय खरी म्हणून देते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, दोष पाठात आहे की वाचनात? मोबाइल प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. एक चौकट पूर्ण साठवली जाते आणि पुढच्या कित्येक चौकटींत शेजारच्या चौकटींपासूनचा फरक तेवढा नोंदला जातो. अभंगाच्या वहीत ध्रुपद एकदाच लिहून पुढे नुसते ‘धृ.’ लिहितात, तसाच हा प्रकार. गाणाऱ्याला ते पद आठवावे लागते; संगणकालाही मधली चौकट दाखवताना मागची पूर्ण चौकट शोधून बाकीची रचावी लागते. यंत्र जुने असले किंवा टाइमलाइनवर तीन-चार थर असले की त्याला हे वेळेत साधत नाही आणि चित्र अडखळते. फाइलमध्ये मात्र काहीही बिघडलेले नसते. पूर्वदर्शनाची प्रत कमी करावी, किंवा बहुतेक संकलन-सॉफ्टवेअरांत असते ती ‘प्रॉक्सी’ची, म्हणजे हलक्या कामचलाऊ प्रतीची सोय वापरावी, अडखळणे थांबते आणि अंतिम फाइल मूळ प्रतीवरूनच तयार होते.

ब्लूटूथ हेडफोनचेही असेच. त्यातून आवाज कानापर्यंत पोहोचायला लक्षात येण्याइतका उशीर होतो. काही सॉफ्टवेअरे तो उशीर हिशेबात धरतात, काही धरत नाहीत. ओठ आणि शब्द जुळत नाहीत असे वाटले तर आधी तारेचा हेडफोन लावावा, एखाद्या मिनिटाचा भाग एक्स्पोर्ट करून दुसऱ्या यंत्रावर पाहावा. दोष तिथे दिसला नाही, तर तो वाचनाचा होता. चष्म्यावर धूळ आहे म्हणून पोथीतली अक्षरे खरवडणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. पण वाचनदोष पाहून पाठाला कात्री लावण्याचा प्रकार घरगुती संकलनात सर्रास घडतो.

दोष खरोखर फाइलमध्ये असेल तर दुसरा प्रश्न विचारावा : अंतर स्थिर आहे की वाढते आहे? त्यासाठी आरंभी, मध्यावर आणि शेवटी अशा तीन जागा पाहाव्यात. तिन्ही ठिकाणी अंतर सारखेच असेल तर चित्र एकदाच सरकवून काम भागते. कधी हे अंतर निसर्गनियमानेच आलेले असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सभागृहात वक्त्यापासून १७ मीटरांवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला शब्द सुमारे ५० मिलिसेकंद उशिराने मिळतो, म्हणजे २५ चौकटींच्या हिशेबात एका चौकटीहून अधिक उशिराने. मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही तो तसाच मिळतो, आणि त्यावर उपचाराची गरज नसते.

अंतर हळूहळू वाढत असेल तर ते गतीच्या हिशेबातल्या चुकीचे लक्षण समजावे. याची कारणे मोजकी आहेत. सेकंदाला २९.९७ चौकटी घेतलेले चित्र नेमके ३० मानून चालवले तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. दुसरे कारण आवाजाच्या नमुन्यांचे. सीडीवरील ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, चित्रफितीत सामान्यतः ४८,०००. पहिल्या प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारची समजून वाचली गेली तर एका तासाचे मुद्रण सुमारे ५५ मिनिटांत संपते आणि आवाज चढतो. पांढरी एकमध्ये गाणारी बाई काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या, हार्मोनियमवर नसलेल्याच पट्टीत जाऊन बसते.

तिसरे आणि आज सर्वांत जास्त आढळणारे कारण मोबाइलचे. बहुतेक मोबाइल समान अंतराने चौकटी घेत नाहीत. उजेड कमी झाला की वेग उतरतो, वाढला की चढतो. प्रत्येक चौकटीची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते, पण काही सॉफ्टवेअरे ती न वाचता चौकटी समान अंतराने मांडतात. समजा, दहा मिनिटांच्या चित्रणाचा सरासरी वेग २९.६ चौकटी होता आणि सॉफ्टवेअरने ३० धरला. तर चित्र ५९२ सेकंदांतच आटोपेल आणि ध्वनी आठ सेकंद मागे राहील. ‘मीडियाइन्फो’ हे मोफत साधन फाइलचा वेग बदलता, म्हणजे ‘व्हेरिएबल’, आहे की स्थिर, म्हणजे ‘कॉन्स्टंट’, ते सांगते. ‘हँडब्रेक’सारख्या मोफत साधनाने आधी स्थिर वेगाची प्रत करून घ्यावी आणि संकलन त्या प्रतीवर करावे. मूळ फाइल बाजूला, न डिवचता, जपून ठेवावी.

अंतर एकदम उडी मारून वाढत असेल तर प्रकार वेगळा. विभागाच्या कपाटातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींचे अंकीकरण करताना झिजलेल्या फितीतल्या काही चौकटी गळतात आणि ध्वनी मात्र अखंड चालत राहतो. पोथीच्या भाषेत ही गळ आहे. फीत स्वच्छ करून, दुसऱ्या चांगल्या यंत्रावर पुन्हा अंकीकरण करावे. तेही साधले नाही तर गळ कुठे आहे ते नोंदवावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, ही तर यंत्रदुरुस्तीची पुस्तिका झाली. पण यातल्या प्रत्येक कारणामागे एक समान गोष्ट आहे : सॉफ्टवेअरने न विचारता केलेला तर्क. जुने लेखकू हेच करीत. न कळलेला शब्द कळेल असा करून लिहीत, आणि पुढच्या नकलाकाराला तोच मूळ वाटे. एकनाथांना शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती अशा अपपाठांमुळेच. चित्रपटाच्या इतिहासातही हे घडले आहे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरे, वेग ठरलेला नसे. त्या काळचे मूकपट पुढे बोलपटांच्या २४ चौकटींच्या वेगाने दाखवले गेले, तेव्हा माणसे तुरुतुरु चालू लागली. जुन्या काळची माणसे अशीच हास्यास्पद चालत, असा समज कित्येकांच्या मनात त्यातून रुजला. २५ चौकटींच्या पाल दूरचित्रवाणीवर चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने धावत आणि शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे. बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नसे, म्हणूनच तो अपपाठ मुकाट्याने रूढ झाला.

आता मुख्य मुद्दा. अंतर वाढते आहे असे दिसले की घरगुती संकलक कारण शोधत बसत नाही. तो थोडे थोडे कापून जुळवून घेतो, आणि कापताना शब्द कापला तर कळेल म्हणून शांतता कापतो. ओवीच्या दोन चरणांमधली अर्ध्या सेकंदाची शांतता, कीर्तनकाराने दृष्टान्ताआधी घेतलेला दम, आठवत नाही म्हणून म्हातारीने केलेला विलंब, हे सारे टाइमलाइनवर सपाट रेघेसारखे दिसते. सपाट रेघ म्हणजे मोकळी जागा, असा समज करून तिथे कात्री चालते. ओठ पुन्हा जुळतात, चित्रफीत सफाईदार होते आणि तिच्यातली यती नाहीशी झालेली असते. शब्दांत फेरफार नसल्याने संहितेशी ताडून पाहणाऱ्यालाही काही सापडत नाही. पुढे कोणी या फितीवरून ओवीगायनाच्या लयीचा अभ्यास करील आणि संकलकाने पाडलेल्या लयीवर निष्कर्ष काढील. जिने ती ओवी गायिली ती तोवर हयात असेलच असे नाही.

म्हणून आमचा आग्रह आहे की, मौखिक वाङ्मयाच्या संकलनात ध्वनीला मूळ पाठ मानावे आणि जुळवायचे ते चित्र जुळवावे. नमुन्यांचा हिशेब चुकून ध्वनीच बदललेला असेल तर तो मूळ गतीला आणणे हा अर्थातच पाठोद्धार होय. एरवी आवाजातल्या शांततेला हात लावू नये. चित्र काही क्षण कमी पडले तर चौकट स्थिर ठेवावी किंवा पडदा काळा ठेवावा. काळा पडदा निदान प्रामाणिक असतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, काही मिलिसेकंदांनी काय बिघडते? बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे जाईपर्यंत प्रेक्षकाला फरक जाणवत नाही. तेवढ्यासाठी रात्री जागवण्याचे कारण नाही. आमची तक्रार वाढत्या अंतराबद्दल आणि त्यावरच्या कात्रीबद्दल आहे. दुसरा आक्षेप असा की, साहित्याच्या विद्यार्थ्याने हेही शिकायचे म्हटले तर त्याने वाचायचे केव्हा? परंतु हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला कागद, शाई आणि लिपीची वळणे शिकावी लागतात, ती साहित्यबाह्य आहेत अशी तक्रार कोणी करीत नाही. वर सांगितलेली कारणे समजून घ्यायला एक दुपार पुरते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली पाठभेद छापले. वाचकाला संपादकाशी असहमत होता यावे, हा त्यामागचा विचार. तेवढीच शिस्त आम्ही विद्यार्थ्यांच्या चित्रफितींसाठी मागत आहोत. चित्रण सुरू करताना आणि संपवताना कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही टोकांना जुळणी तपासता येते. मूळ फाइल कोणत्याही बदलावाचून दोन ठिकाणी ठेवावी. संकलित प्रतीसोबत एक पानभर टिपण जोडावे : मूळ वेग किती होता, प्रत कोणत्या वेगाची केली, कुठे कापले, कुठे सरकवले. आणि शिक्षकांनी प्रकल्पाचे गुण देताना हे टिपण आधी मागावे, चित्रफीत नंतर पाहावी.

सफाईदार चित्रफितीला शाबासकी देण्याची आपल्या विभागांची सवय या मागणीच्या आड येईल, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही आपण विद्यार्थ्याला कवितेतला यतिभंग ओळखायला शिकवतो, तर त्याच्या स्वतःच्या हातून होणारा यतिभंगही त्याला दाखवून द्यायला हवा.