पाहिल्याची साक्ष

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातील गोष्ट. आमच्या शेजारची दहा वर्षांची मुलगी आपण स्वतः केलेला आकाशकंदील घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पिवळा पतंगी कागद आणि खाली कातरलेल्या झिरमिळ्या. मी वर्तमानपत्र वाचीत होतो. मान किंचित वर करून मी कंदिलाकडे पाहिले न पाहिले आणि म्हणालो, "वा! फारच छान!"

ती हसली नाही. क्षणभर थांबून म्हणाली, "काका, तुम्ही पाहिलाच नाही. याची एक बाजू अजून लावायचीच आहे. तिथे कागद सारखा फाटतो, म्हणून विचारायला आले होते."

मी खजील झालो. वर्तमानपत्र बाजूला ठेवून आम्ही दोघांनी कंदील उजेडात धरला. एका कोपऱ्यात काडीचे टोक दोऱ्याच्या गाठीबाहेर आले होते आणि प्रत्येक नव्या कागदाला ते बोचत होते. टोकावर सुती कापडाची चिंधी गुंडाळली आणि कागद पुन्हा लावला. या वेळी तो फाटला नाही. सारे काम पाच मिनिटांचे होते. परंतु त्या मुलीचे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

माझ्या बोलण्यात वाईट असे काय होते? मी तर स्तुतीच केली होती! पण ती स्तुती कंदिलाची नव्हती. मला लवकर वर्तमानपत्राकडे वळता यावे, एवढ्यासाठीच ती होती. निंदेने माणसाचे मन दुखावते, हे आपण सारेच जाणतो. न पाहता केलेल्या स्तुतीनेही ते तितकेच दुखावते, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

आपण दिवसभर अभिप्राय देत असतो. "चित्रपट कसा वाटला?" "मस्त!" "पुस्तक कसे आहे?" "कंटाळवाणे." हल्ली तर बोलण्याचेही कष्ट उरलेले नाहीत; हातातील यंत्रावर अंगठ्याचे चित्र उमटवले, की झाले आपले मत देऊन. प्रत्येकाला मत असावे, यात गैर काहीच नाही. परंतु मत म्हणजे एक प्रकारची साक्षच होय. न्यायालयात साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारतात, तो "तुम्हांला काय वाटते?" असा नसतो, "तुम्ही काय पाहिले?" असा असतो. ज्याने पाहिलेच नाही, त्याच्या साक्षीला किंमत ती काय?

मी राहतो ती वस्ती शीव कोळीवाड्याची. 'शीव' या शब्दाचा अर्थच सीमा. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे असताना ही सरहद्द होती. येथील टेकडीवर इंग्रजांनी बांधलेला छोटा किल्ला आजही उभा आहे. येथील मूळ रहिवासी कोळी. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे येथे वसली. पूर्वी 'कोळीवाडा' म्हणून ओळखले जाणारे आमचे रेल्वेस्थानक आज गुरु तेगबहादूर नगर या नावाने ओळखले जाते. देशभरातील उपाहारगृहांत 'कोळीवाडा' नावाचा एक तळलेला चमचमीत पदार्थ मिळतो. खाणारे समजतात, की ही कोळ्यांची पाककृती. वस्तुतः बेसन, तिखट आणि ओवा यांच्या पिठात बुडवून कोळंबी तळण्याची ही रीत येथे वसलेल्या पंजाबी कुटुंबांनी रूढ केली. वस्तीचे नाव पदार्थाला मिळाले आणि लोकांनी नावावरूनच त्याचे कूळ ठरवून टाकले! ऐकीव मत असेच तयार होते. ते बोलण्यास सोपे असते, ऐकण्यास खरे वाटते आणि पाहण्याचे श्रम वाचवते.

याच वस्तीत एक वृद्ध कोळी गृहस्थ आहेत. तरुणपणी ते खाडीवर मासेमारीस जात. आता वयामुळे जाणे होत नाही. तरीही ओट्यावर बसून जाळे विणण्याचा आणि फाटलेले जाळे सांधण्याचा त्यांचा परिपाठ सुटलेला नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाबा, जाळे सुरेख झाले आहे."

"कशावरून?" त्यांनी विचारले.

मला उत्तर सुचेना. तेव्हा त्यांनी जाळ्याचे टोक माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "गाठ ओढून बघा. सरकली, तर ते जाळे नाही, नुसता दोरा."

मी गाठ ओढून पाहिली. ती सरकली नाही. मग त्यांनी मला जाळे कसे पाहावे ते शिकवले. प्रत्येक वेढा लाकडाच्या एका चपट्या पट्टीवरून घ्यायचा, म्हणजे सगळी छिद्रे सारख्या मापाची होतात. छिद्र फार मोठे झाले, तर हाती आलेला मासा निसटतो. फार लहान झाले, तर माशांची पिल्लेही अडकतात. "मासा पळाला, तर उद्या मिळेल," ते म्हणाले, "पिल्लू धरले, तर उद्याच नाही." त्यानंतर मी पुन्हा एकदा म्हणालो, "जाळे सुरेख झाले आहे." शब्द तेच होते, पण आता त्यांत गाठ होती, माप होते आणि उद्याच्या माशांचा विचारही होता. बाबांनी या वेळी "कशावरून?" असे विचारले नाही.

हाताने केलेल्या वस्तूची अशी परीक्षा करता येते, हे कोणीही मान्य करील. परंतु चित्रपट आणि पुस्तके यांची गाठ कशी ओढून पाहावी? तेथे तर ज्याची त्याची आवड!

रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतील मुले माझ्याकडे जमतात. मध्यंतरी आम्ही सर्वांनी मिळून अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेला 'किल्ला' हा चित्रपट पाहिला. तो २०१५ मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला होता. वडील वारल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातील लहान गावी आलेल्या चिन्मय नावाच्या मुलाची ती कथा आहे. नव्या शाळेत त्याला मित्र मिळतात. एके दिवशी ते सारे सायकलींवरून किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळू लागतो आणि चिन्मय त्या ओसाड किल्ल्यात एकटाच मागे राहतो.

चित्रपट संपताच आठवीतला एक मुलगा म्हणाला, "यात काही घडतच नाही." दोघाचौघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्येच कोल्हापूरहून आलेला तो मुलगा एरवी फारसा बोलत नसे. तो म्हणाला, "सगळे घडते. तो मित्रांना हाका मारीत किल्ल्यात हिंडतो आणि मित्र निघून गेलेले असतात. हे घडणे नव्हे का?"

खोलीत शांतता पसरली. मी पहिल्या मुलाला विचारले, "तुला काय घडावेसे वाटत होते?" तो विचार करून म्हणाला, "मला वाटले, किल्ल्यात चोर असतील, मारामारी होईल." म्हणजे त्याचे मत समोरच्या चित्रपटाविषयी नव्हतेच, त्याच्या मनात चाललेल्या दुसऱ्याच एका चित्रपटाविषयी होते! आम्ही किल्ल्याचा तो भाग पुन्हा लावला. तो पाहून झाल्यावर मुलगा म्हणाला, "मला चित्रपट संथच वाटला. पण किल्ल्यातला भाग संथ नाही. तिथे भीती वाटते." मला त्याचे हे मत फार मोलाचे वाटले. त्याने आपली नापसंती सोडली नाही. इतरांना बरे वाटावे म्हणून "छान" असे म्हटले नाही. पण काय आवडले नाही आणि काय भिडले, हे त्याने वेगळे करून दाखवले. पुढच्या रविवारी ती दोन्ही मुले शीवच्या किल्ल्यावर गेली. दोघे बरोबर गेले आणि बरोबरच परतले.

चित्रपट हीसुद्धा माणसांनी हातांनी घडवलेली वस्तू असते, हे आपण विसरतो. दादासाहेब फाळके यांनी १९११ च्या सुमारास गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. बाकीचे प्रेक्षकही तोच मूकपट पाहून घरी गेले असतील आणि "काय नवल आहे!" असे म्हणाले असतील. फाळके एवढ्यावर थांबले नाहीत. हे नवल घडते कसे, याचा त्यांनी ध्यास घेतला. ते पुनःपुन्हा चित्रपट पाहू लागले. त्या अतिश्रमांनी त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते ही कला शिकून आले. मग कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी बीजाचा वेल होताना दाखवला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. तो आमच्या शेजारच्या दादरला तयार झाला होता. एका माणसाने नीट पाहिले, त्यातून हे घडले.

पुस्तकांच्या बाबतीत माझा स्वतःचाच अनुभव सांगतो. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मी ती प्रथम शाळकरी वयात वाचली आणि मित्रांना सांगितले, "वाचू नका, त्यात काहीच नाही." एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू लोकांचा विश्वास मिळवतो, गावकऱ्यांच्या साहाय्याने तालीम उभी करतो; पुढे दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन वाडी सोडून जातात. मला त्यात ना पराक्रम दिसला, ना चमत्कार.

पुढे १९८२ चा गिरणी संप झाला. परळ-लालबागच्या चाळींतील कित्येक बिऱ्हाडे गावी परतली. त्यांत माझ्या मामांचेही होते. ज्या खोलीत सुट्टीत आम्ही दहाजण दाटीवाटीने झोपत असू, तिच्या दाराला कुलूप पाहून मी परतलो. त्यानंतर काही वर्षांनी ती कादंबरी पुन्हा हाती आली. शेवटी वाडी रिकामी होऊ लागली, तेव्हा मला पुढे वाचवेना. पुस्तकातील एक अक्षरही बदललेले नव्हते. वाचणारा बदलला होता. 'त्यात काहीच नाही' हे माझे जुने मत खोटे होते, असे मी म्हणत नाही. त्या वयात मला तेवढेच दिसले होते. चूक होती ती एवढीच, की मला दिसले नाही म्हणून तेथे काही नाहीच, असे मी इतरांना सांगत सुटलो. कोण जाणे, माझ्या शब्दावर विसंबून किती मित्र त्या पुस्तकाला मुकले असतील!

यावर कोणी म्हणेल, "एवढा विचार करीत बसलो, तर आनंद घ्यायचा केव्हा? आंबा खाताना झाडाची चौकशी कशाला?" हा आक्षेप योग्य आहे. आनंद आधी आणि विचार मागून, हाच क्रम बरोबर. हसू आले तर हसावे, डोळे भरून आले तर ते लपवू नयेत. आणि काही गोष्टींविषयी मत न देता गप्प राहण्याचीही मोकळीक प्रत्येकाला असावी. परंतु मत द्यायचे ठरवले, की त्याच्या मागे 'कारण' हा शब्द यावा. 'मला आवडले, कारण...' 'मला आवडले नाही, कारण...' हे कारण शोधण्यासाठी पुन्हा त्या वस्तूकडे वळावे लागते, आणि तसे वळले, की पहिल्या वेळी निसटलेले काहीतरी हाती लागते. कारण सांगितले, की दुसऱ्यालाही त्यावर बोलता येते. "नाही, मला वेगळे दिसले," असे म्हणता येते. 'मस्त' आणि 'भिकार' या शब्दांवर मात्र कोणाला काय बोलता येणार? तेथे संभाषण संपते.

दुसरेही एक कारण आहे. प्रत्येक वस्तूच्या मागे कोणीतरी तासन्‌तास बसलेले असते. कोणी जाळ्याच्या हजार गाठी मारलेल्या असतात, कोणी एक वाक्य दहादा खोडून लिहिलेले असते, कोणी फाटणारा कागद पाचव्यांदा चिकटवलेला असतो. त्यांना आपल्याकडून केवळ स्तुती नको असते. आपल्या श्रमाकडे कोणीतरी नीट पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. दोष दाखवला तरी चालतो. पण तो पाहून दाखवावा.

ती शेजारची मुलगी आता नव्या कंदिलाच्या तयारीला लागली आहे. या खेपेस कंदील षट्कोनी आहे. काल ती नुसता सांगाडा घेऊन आली. मी काही बोलण्याआधी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि प्रत्येक गाठ हलकेच ओढली. सहावी गाठ सरकली.

"ही सैल आहे," मी म्हणालो.

ती आनंदाने हसली आणि सांगाडा घेऊन पुन्हा घरी पळाली.