तोंडलीची कांडी

थंडी सरत आली की अर्दियात आमच्याकडे दोन चौकशा सुरू होतात. एक, यंदा सुट्टीवर कधी जाणार? दुसरी, तोंडलीचं बी आहे का? पहिलीचं उत्तर आमच्या साहेबांच्या हाती. दुसरीचं आम्ही ठामपणे देतो: बी मागू नका, कांडी मागा.

कारली, दोडकी, पडवळ ही तोंडलीची भावंडं. त्यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. तोंडलीत मात्र नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. अगदी माणसासारखा एक्स-वाय गुणसूत्रांचा मामला. बी पेरलं तर निम्मी शक्यता नराची, आणि ते कळतं फूल आल्यावर. तोवर मांडव बांधून आपण दमलेले! फूल दोघांचंही पांढरं, चांदणीसारखं. मादी फुलाखाली इवलंसं तोंडलं दिसतं. ती खूण पाहून त्याच वेलाची कांडी घ्यावी: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. कोवळा शेंडा नको. शेतात दहा मादी वेलांमागे एक नर ठेवायला सांगतात. पण काही वेल परागाशिवायही फळ धरतात. म्हणून ज्याच्या दारी एकटाच वेल लगडलेला दिसेल, त्याच्याकडेच हात पसरावा. आणि हो, सुट्टीवरून येताना बॅगेत लपवून कांडी आणू नये. रोपांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते उगाच नाही. कांडीबरोबर कीडही विमानप्रवास करते.

आता पाणी. कुवेतमध्ये पुष्कळ घरांना दोन पाणी असतात: एक समुद्राचं, गोडं केलेलं, दुसरं भूगर्भातलं मचूळ, बागेसाठी. मचूळ पाण्यात लिटरमागे तीन हजार मिलिग्रॅमहून अधिक क्षार असतात. खजुराला ते चालतं, तोंडलीच्या पानांच्या कडा करपतात. त्यात वाळूखाली ठिकठिकाणी गॅचचा कडक थर. बांधकामवाल्यांना हा गॅच प्रिय, रस्त्याखालच्या भरावाला उत्तम. नाव ऐकलं की आपली चुनेगच्ची आठवते. पण पाणी त्यातून खाली मुरत नाही, वर उडून जातं आणि क्षार मुळाशी राहतात. आम्ही म्हणून जमिनीचा नाद न धरता तळाला भोकं पाडलेलं मोठं पिंप घेतलं. वाळू, शेणखत निम्मं निम्मं, आणि गोडं पाणी. तेही उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं थेट देऊ नये, चहा होईल इतकं तापलेलं असतं. आदल्या रात्री बादलीत काढून ठेवावं.

उन्हाबद्दल काय बोलावं? 21 जुलै 2016 रोजी इथल्याच मित्रिबाला 53.9 अंश नोंदले गेले. जुलै-ऑगस्टमध्ये फळाची आशा सोडून हिरव्या जाळीखाली वेल जगवायचा, एवढंच. जानेवारीच्या थंडीत तो वाळल्यासारखा दिसतो. उपटू नका! खाली कंदासारखं मूळ असतं, मार्चमध्ये पुन्हा फुटतं. भाजी मिळते ती वसंतात आणि सप्टेंबरनंतर. दर तीन-चार दिवसांनी तोडावी, नाहीतर आतून लाल होते. कालिदासाने यक्षपत्नीच्या ओठांना पिकल्या तोंडलीची उपमा दिली खरी, पण मसालेभातात ती कोणी घालत नाही. तोंडलीने बुद्धी मंद होते असं आजी सांगायची. आमच्या मुलांनी दहावीच्या वर्षी याचा पुरेपूर फायदा घेतला. आमच्या गोव्याच्या शेजारीणबाई मात्र काजू घालून 'तेंडली' करतात, तेव्हा हीच मुलं दोनदा वाढून घेतात.

इथे लाड करून जगवावा लागणारा हाच वेल हवाई आणि ग्वाममध्ये तण ठरलाय. पक्षी लाल फळं खाऊन बी पसरवतात आणि झाडंच्या झाडं वेलाखाली गुदमरतात. तिकडच्या नातेवाईकांना कांडी पाठवू नये.

आमच्या वेलाची आई सालमियात होती. ते कुटुंब कायमचं पुण्याला गेलं, पुढे इमारतही पाडली. त्या वेलाच्या कांड्या तेवढ्या चार घरी उरल्या. त्यांतली दोन घरं यंदा जूनमध्ये आवराआवर करताहेत. जागा घरमालकाची, इकामा कंपनीचा. पिंप काही विमानात नेता येत नाही. तेव्हा आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात कांड्या काढणार आहोत. ज्यांच्याकडे सकाळचं ऊन येणारी बाल्कनी असेल त्यांनी कळवावं, आणि येताना तळाला भोक पाडलेली, निम्मी कापलेली पाण्याची बाटली घेऊन यावं.