विठू महाराने बिदरला भरलेला पैसा

बिदर आणि कलबुर्गीच्या सीमेवर निर्णा गावाच्या आसपास कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. पाऊस लहरी आणि राजसत्ता दूरची, हे या टापूचं जुनं दुखणं. अशा मुलखात लोकांनी देवाचा धावा केला, यात नवल नाही. पण धावा करून त्यांनी मागितलं काय? मोक्ष मागणारे असतीलच. मात्र इथे रुजलेल्या एका गोष्टीत देव सरकारी देणं भरायला आला आहे.

गोष्ट दामाजीपंतांची. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहमनी सुलतानाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांना मोकळी करून दिली. बादशहाने त्यांना धरून आणायचा हुकूम सोडला. पंत वाटेत असतानाच पंढरीचा विठोबा महाराच्या वेशात बिदरच्या दरबारात पोचला, धान्याची किंमत त्याने मोजून दिली आणि पावती घेतली. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’तून आणि पुढे कीर्तनांतून ही कथा घरोघर गेली.

भाबडी म्हणून ती बाजूला सारणं सोपं आहे. पण तिच्यातला हिशोब पाहावा. उपाशी माणसाच्या तोंडी गेलेल्या धान्याचीही सरकारला किंमत हवी, आणि ती साक्षात देवालाही माफ नाही! राजसत्तेवर याहून कडवट शेरा मारायला लोकांना दुसरी जागा नव्हती. तो त्यांनी भक्तिकथेत मारला.

देवाने वेश घेतला तोही विचारपूर्वक निवडलेला. गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत पोचवणं हे महारांच्या कामांपैकी एक होतं. म्हणजे साऱ्या महसुली व्यवस्थेत ज्याच्या डोक्यावर ओझं सर्वांत जास्त आणि मान सर्वांत कमी, त्याच्या रूपात विठोबा उभा राहिला. महार समाजाच्या परंपरेत तर बावन्न हक्कांची सनद बिदरच्या बादशहाने दिली असं मानलं जातं. काही सांगणारे तिचा धागा या विठू महाराशीच जोडतात. एका चमत्काराच्या कथेतून लोकांनी हक्काचा कागद काढला.

त्याच मंगळवेढ्याचा महार संत चोखामेळा मात्र पंढरपूरच्या देवळाबाहेरच राहिला. गावकुसाचं बांधकाम कोसळून, त्याखाली तो १३३८ साली गेला असं परंपरा सांगते. देवाने महार झालेलं चाललं, महाराने देवळात आलेलं चाललं नाही. ती दारं उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. जुलूम फक्त तख्तावरूनच होतो, असं मानणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. संत कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला असं कथा सांगते. तिच्यासाठी कुणी थैली घेऊन दरबारात गेलं नाही.

या गोष्टींतून हिंदू रयत आणि मुसलमान राजा एवढंच वाचणाऱ्यांना बिदरजवळचं अष्टूर अडचणीत आणतं. कलबुर्गीहून राजधानी बिदरला आणणारा अहमदशहा (१४२२–१४३६) तिथे विसावला आहे. अवर्षणात त्याने स्वतः पावसासाठी प्रार्थना केली, पाऊस आला आणि लोकांनी त्याला ‘वली’ केलं, अशी आख्यायिका आहे. त्याच्या उरुसाला आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही जमतात. कलबुर्गी जिल्ह्यातून एक लिंगायत जंगम मानाने तिथे येतात. लोकांची कसोटी धर्माची नव्हती. दुष्काळात राजा कुठे उभा होता, हे त्यांनी पाहिलं.

निजामाच्या राजवटीत ही कसोटी पुन्हा लागली. धार्मिक कार्यक्रमांवर आणि सभांवर परवानग्यांचं जाळं पडलं, तेव्हा आर्य समाजाने त्याविरुद्ध उभं राहायचं ठरवलं. उदगीरचे वकील भाई श्यामलाल १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात वारले. पुढच्याच वर्षी सत्याग्रह झाला आणि देशभरातून जथे हैदराबाद संस्थानात शिरून तुरुंगात गेले. देवाची ओढ आणि नागरिकाचा हक्क या दोन गोष्टी त्या वेळी एकाच मागणीत होत्या. उपासनेचं स्वातंत्र्य मागताना लोक बोलण्याचं आणि जमण्याचंही स्वातंत्र्य मागत होते.

म्हणून संकटातल्या भक्तीला ‘अफू’ म्हणून मोकळं होणं इथल्या इतिहासाला धरून नाही. पण तिला नुसतं शांतवणारं औषध मानणाऱ्या कीर्तनकारांचंही चुकतं. दामाजींच्या आख्यानात विठूचं रूप रंगवायला तासभर दिला जातो आणि कोठाराचं कुलूप एका वाक्यात उघडतं. खरं तर पंतांनी नोकरी आणि मान दोन्ही पणाला लावली ती त्या कुलपापाशी. विठोबा नंतर आला.

आज बादशहा नाही. या मागास भागासाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलम आलं, शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा आल्या. त्यातलं निर्ण्यासारख्या गावांपर्यंत किती पोचलं आणि तूर करपलेल्या वर्षी मदत किती दिवसांनी आली, हे प्रश्न आख्यानाच्या उत्तररंगात विचारले गेले तर कीर्तनाचा कोणताही नियम मोडत नाही. विचारायला आषाढीची वाट पाहायचंही कारण नाही.