तबकडी की डाउनलोड? खरा प्रश्न प्रतीवरील अधिकाराचा

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनी कंपनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. त्याआधी २९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवण्याची आपली मूळ सेवा बंद केली होती. मुंबईच्या काळा घोडा परिसरात १९४८ पासून चालत आलेले ऱ्हिदम हाउस तर २०१६ मध्येच मिटले. अशी बातमी आली की वाचकांत दोन तट पडतात. हातात धरता येते तेच आपले, असे एक तट म्हणतो; धूळ खात पडणाऱ्या डब्यांपेक्षा डाउनलोड बरे, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोन्ही तट वस्तूच्या रूपावरच वाद घालत बसतात. पैसे मोजून घेतलेल्या कृतीची दुसरी प्रत करण्याचा, ती जपण्याचा आणि पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे का, हे विचारले पाहिजे. तो अधिकार असेल तर तबकडीतील मजकूरही टिकेल आणि फाइलही. नसेल तर आज ना उद्या दोन्ही जातील.

बेंगळुरूच्या यशवंतपूर भागात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवाराजवळ राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. त्यांच्या लॅपटॉपला तबकडीचा खण नाही; गावाकडच्या घरी मात्र व्हीसीडींचा डबा आहे. त्यात आईवडिलांनी जमवलेली नाटके आहेत, ‘श्वास’सारखे चित्रपट आहेत, घरातल्या लग्नाचे चित्रण आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपट लागलाच तर त्याचे मोजकेच खेळ होतात. म्हणून परप्रांतातील मराठी कुटुंबासाठी असा डबा हे छोटेसे ग्रंथालयच असते. ते कसे वाचवावे, हे ठरवण्याआधी तबकडीचे विज्ञान समजून घेतले पाहिजे.

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची सर्पिल रेषा असते आणि दोन वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. ती वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर. डीव्हीडीत तरंगलांबी ६५० नॅनोमीटरवर आली आणि वेढ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर झाले. ब्लू-रेमध्ये ते अनुक्रमे ४०५ नॅनोमीटर आणि ०.३२ मायक्रोमीटर आहे. तरंगलांबी जितकी कमी, तितके बारीक अक्षर वाचता येते. म्हणूनच त्याच आकाराच्या तबकडीत डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट माहिती मावते.

तबकडीची खरी करामत मात्र त्रुटीसुधारणेत आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती संकेतावर सीडी उभी आहे. हाच संकेत व्हॉयेजर यानाने दूरच्या ग्रहांची छायाचित्रे पाठवतानाही वापरला. सीडीत दर २४ बाइट माहितीमागे ८ बाइट तपासणीसाठी राखलेले असतात. शिवाय शेजारशेजारचे बाइट शेजारी न लिहिता रेषेवर दूरदूर विखुरले जातात. त्यामुळे रेषेच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीवर ओरखडा पडला तरी एकाच गटातील फार बाइट जात नाहीत आणि गेलेले बाइट उरलेल्यांवरून पुन्हा काढता येतात. यातले तत्त्व साधे आहे: अधिकची माहिती ठेवा आणि ती एकाच जागी ठेवू नका. पुढच्या साऱ्या विवेचनाचा आधार हेच तत्त्व आहे.

तरीही तबकडी अमर नाही. सीडीतील ॲल्युमिनिअमचा परावर्तक थर छापील बाजूला, पातळ रोगणाखाली असतो. चमकदार बाजू आपण जपतो आणि नाव लिहिण्यासाठी बॉलपेन दाबतो ते नेमके नाजूक बाजूवर. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण चकत्या जोडणारा चिकट थर खराब होऊ शकतो. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या तबकड्यांचे दुखणे आणखी वेगळे. त्यांत खळगे नसतात. लेझरने रंगद्रव्यावर खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी ते रंगद्रव्य बिघडते. म्हणजे बाजारात पुन्हा कधीच न मिळणारे लग्नाचे चित्रण सर्वांत कच्च्या माध्यमावर असते. २००१ मध्ये बेलीझ या उष्ण, दमट देशातून माद्रिदला आलेल्या एका सीडीवर तर पॉलिकार्बोनेट आणि ॲल्युमिनिअम पोखरणारी बुरशी आढळली. कोकणातल्या घरांनी याची नोंद घ्यावी.

तबकडी वाचली तरी यंत्र उरेलच असे नाही. बीबीसीने १९८६ मध्ये ब्रिटनच्या लोकजीवनाची प्रचंड माहिती लेझर तबकड्यांवर साठवली. इंग्लंडमधील १०८६ च्या जमीनमहसुलाच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली, त्या निमित्ताने हा प्रकल्प हाती घेतला होता. जेमतेम पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प उभारावा लागला. मूळ वही मात्र आजही वाचता येते.

मग डाउनलोड श्रेष्ठ म्हणावे का? चित्राच्या दर्जाबद्दल आणि सोयीबद्दल वाद नाही. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे. आजच्या साध्या प्रवाहित चित्रापुढेही ते धूसर वाटते. परंतु ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबल्यावर बहुधा आपल्याला मिळतो तो पाहण्याचा परवाना. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परस्पर पुसली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले पण विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. हे प्रसंग पुस्तकांचे असले तरी कुलूपबंद चित्रपटाची व्यवस्थाही तीच असते. दुकानाचा सर्व्हर परवानगी देतो तोवरच ती फाइल जिवंत.

याच्या शेजारी एक भारतीय उदाहरण ठेवून पाहा. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून चित्रपटसंग्रह मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आणला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून अवसायनात गेली. तिच्या तबकड्या मात्र आजही चालतात. त्यांना कंपनीची परवानगी लागत नाही. विक्रेता संपल्यावरही खरेदी शाबूत राहिली पाहिजे. ही कसोटी तबकडी उतरते, कुलूप नसलेली डाउनलोड फाइलही उतरते. कुलूपबंद फाइल उतरत नाही. फरक माध्यमाचा नसून कुलपाचा आहे.

आता थोडे गणित. उदाहरणापुरते धरू की एखादी प्रत दहा वर्षांत नष्ट होण्याची शक्यता पाचात एक आहे. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन प्रती तीन ठिकाणी असतील, तर तिन्ही जाण्याची शक्यता १२५ मध्ये एक होते. मात्र त्या तिन्ही एकाच खात्यावर, एकाच संकेतशब्दावर किंवा एकाच कंपनीच्या मर्जीवर टांगलेल्या असतील, तर ती पुन्हा पाचात एकच्या आसपास येते. फोन, टॅब आणि टीव्हीवर एकच चित्रपट दिसतो, म्हणून त्या तीन प्रती ठरत नाहीत. सीडीच्या अभियंत्यांनी बाइट विखुरले. आपण मात्र साऱ्या समाजाच्या स्मृतीचे बाइट मोजक्या सर्व्हरांवर एकत्र करू लागलो आहोत.

एकाच जागी ठेवण्याची किंमत मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते वाचले.

म्हणूनच कायद्याकडे वळावे लागते. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्त्या अनेक बाबतींत समंजस आहेत. वैयक्तिक वापरासाठीच्या उचित व्यवहाराची सवलत चित्रपटांनाही मिळाली. तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला, पण प्रताधिकार भंग करण्याच्या हेतूने तोडले तरच. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभाही मिळाली. या शेवटच्या तरतुदीला मात्र एक अट आहे: ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून हवी. ही अट छापील पुस्तकाला शोभते. डीव्हीडी स्वतःच अंकीय आहे. थेट प्रवाहावर प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची अंकीय नसलेली प्रत अस्तित्वातच नसते. म्हणजे जतनाची सर्वाधिक गरज असलेल्या कृतींनाच ही सवलत स्पष्टपणे लागू होत नाही. प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी, असे सांगणारा १९५४ चा कायदाही पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्यापुरताच आहे.

अशा सवलतींनी चोरट्या प्रतींना ऊत येईल, ही निर्मात्यांची भीती अनाठायी नाही. पण जतन आणि वितरण या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयाने प्रत ठेवावी आणि प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत ती केवळ आपल्या आवारातच दाखवावी, अशी अट घालता येते. अटीतील ‘अंकीय नसलेली’ हे शब्द काढून ‘कायदेशीररीत्या मिळवलेली’ असे शब्द घालावेत, १९५४ च्या कायद्याच्या कक्षेत चित्रपट आणावेत आणि परवाना विकणाऱ्याने ‘विकत घ्या’ असे न लिहिता स्पष्टपणे ‘परवाना’ असे लिहावे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हा खुलासा करावाच लागतो. या तिन्ही मागण्यांना खर्च फारसा नाही, इच्छा हवी.

कायदा बदलेपर्यंत विद्यार्थ्यांनी हातातले काम करावे. येत्या सुटीत घरी जाताना यूएसबीवर चालणारा डिस्क ड्राइव्ह सोबत न्यावा. आधी घरगुती चित्रणाच्या तबकड्या हाती घ्याव्यात, मग बाजारात न मिळणाऱ्या नाटकांच्या. एखादी तबकडी अडली तर कमी वेगाने किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहावी. पूर्ण तबकडीची प्रतिमा फाइल करून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, एक गावी आणि एक आपल्याजवळ, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. मूळ तबकडी फेकू नये. ती उभी, सावलीत, कोरड्या जागी ठेवावी. ती तिसरी प्रत आहे.