अनुदानाच्या निकालाचे भाकीत

संशोधन-अनुदानाच्या स्पर्धेत चांगला प्रस्ताव निवडला जातोच आणि मुरलेल्या माणसाला निकाल आधीच ओळखता येतो, असा समज विद्यापीठांत पक्का रुजला आहे. या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. कच्चे प्रस्ताव परीक्षक बहुधा बरोबर बाजूला काढतात. अमेरिकेतील एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या १,३०,००० हून अधिक अनुदानांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरस ठरलेल्या प्रस्तावांतून सरासरीने अधिक शोधनिबंध आणि पेटंटे निघाल्याचे आढळले.

परंतु सरासरीवरून एकेका अर्जाचे भविष्य सांगता येत नाही. खरी चुरस वरच्या थरातल्या तुल्यबळ प्रस्तावांत असते आणि नेमके तिथेच परीक्षकांचे एकमत होत नाही. १९८१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे आलेले १५० प्रस्ताव दुसऱ्या परीक्षकांकडून तपासून घेतले गेले. प्रस्तावाचे भवितव्य जवळपास निम्मे योगायोगावर, म्हणजे तो कोणाच्या हाती पडला यावर ठरते, असे दिसले. २०१८ च्या प्रयोगात ४३ परीक्षकांनी एनआयएचचे २५ प्रस्ताव १ ते ९ या श्रेणीत जोखले, १ सर्वोत्तम. एकाच प्रस्तावाला मिळालेल्या दोन श्रेणींत जेवढी तफावत होती, तेवढीच दोन वेगळ्या प्रस्तावांच्या श्रेणींत होती. नोंदवलेले दोष किती श्रेणी खाली ओढतात, याचे प्रत्येकाचे माप निराळे होते.

म्हणून कच्चे प्रस्ताव आधी गाळावेत, निर्विवाद उत्तम असतील ते निवडावेत आणि उरलेल्या तुल्यबळांत चिठ्ठ्या टाकाव्यात, हाच न्याय्य मार्ग आहे. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद काही अनुदानांसाठी २०१३ पासून पात्र प्रस्तावांत सोडत काढते. ब्रिटिश अकादमीनेही छोट्या अनुदानांसाठी २०२२ मध्ये सोडतीचा प्रयोग सुरू केला.

यावर आक्षेप येतो की सोडत हा गुणवत्तेचा अवमान आहे. अवमान आजच्या पद्धतीत अधिक आहे. थोडक्यात हुकलेल्या संशोधकाला आपण कमी पडलो असे वाटत राहते आणि हे नुकसान पुढेही वाढत जाते. नेदरलँड्समधील २०१८ च्या अभ्यासानुसार, निवडरेषेच्या जेमतेम वर राहिलेल्या तरुण संशोधकांना पुढील आठ वर्षांत, जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. सोडतीत हुकलेल्याच्या नावावर निदान कमी गुणवत्तेचा शिक्का बसत नाही. तोच प्रस्ताव पुढच्या फेरीत ताठ मानेने पाठवता येतो.