शेअर सर्वांचे, सत्ता दोघांची!

गुगलने २०१५ साली ‘अल्फाबेट’ ही मातृकंपनी उभी केली आणि स्वतः तिची उपकंपनी बनली. त्याआधीच २००५ मध्ये अँड्रॉइड आणि २००६ मध्ये यूट्यूब विकत घेऊन तिने आपला पसारा वाढवला होता.

पण या छत्राचा दांडा कोणाच्या हाती? येथे शेअरचीही श्रेणीबद्ध विषमता आहे. ‘अ’ वर्गाला एक मत, ‘ब’ वर्गाला दहा, ‘क’ वर्गाला शून्य! दहा मतांचे शेअर मुख्यतः लॅरी पेज व सर्गे ब्रिन या संस्थापकांकडे. म्हणून भांडवलाचा लहान वाटा असूनही निम्म्याहून अधिक मते या दोघांची. समान मताधिकाराचे ठराव भागधारकांनी वारंवार मांडले. ते दरवेळी पडले. शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका अखेर अमेरिकी न्यायालयालाच ऑगस्ट २०२४ मध्ये ठेवावा लागला.

आर्थिक विषमता राजकीय समतेला सुरुंग लावते, हे बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत बजावले होते. मतपेटीत एक माणूस, एक मत. आणि जगाची माहिती जिच्या तिजोरीत, त्या कंपनीत एका शेअरला दहा मते! ही भांडवलशाहीतली वतनदारी आहे. तिच्यावर कायद्याचा अंकुश हवाच, असे आम्ही ठामपणे म्हणतो.