लेबल बंगल्यात, विष वस्तीत

बारामती-इंदापूरच्या काही बंगल्यांत आता भांडी घासण्याचे यंत्र आले आहे. त्यात घालायची पावडर साध्या साबणासारखी सौम्य नसते. ती तीव्र क्षारांची असते. लहान मुलाने ती गिळली तर तोंड, घसा, अन्ननलिका भाजू शकते. भाजलेली अन्ननलिका पुढे आकसते आणि घास उतरेनासा होतो.

मूळ डब्यावर इशारा असतो, तोही बहुधा इंग्रजीत. पण उरलेली पावडर पुडीत बांधून घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती दिली, की लेबल बंगल्यात राहते आणि विष वस्तीत येते. संडास साफ करण्याचे सुटे अॅसिड तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीतच विकले जाते. गळीत हंगामात भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या कोपीत कपाट कुठले? बाटली जमिनीवर आणि तहानलेले मूलही जमिनीवर. मग ठपका येतो तो आईच्या निष्काळजीपणावर! विकणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही.

आमचे म्हणणे असे की, ज्याची वाट ठाऊक आहे तो निव्वळ अपघात नव्हे. अमेरिकेने १९७० साली कायदा केला आणि त्याखाली ठरावीक घातक घरगुती रसायनांना मुलांना सहज न उघडणारे झाकण सक्तीचे झाले. आपल्याकडे अॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश दिला: विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे, १८ वर्षांखालील कोणास विकू नये आणि साठा प्रांताधिकाऱ्यांना कळवावा. मोडल्यास ५० हजारांपर्यंत दंड. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकाच प्रांत कार्यालयाखाली येतात. तेव्हा त्या नोंदवह्या तपासा आणि पाण्याच्या बाटलीतून होणारी विक्री बंद करा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लेखी द्यावी व पोच घ्यावी. तोंडी विनंतीला दप्तरात जागा नसते.

घरकामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामावर हाताळाव्या लागणाऱ्या रसायनांची माहिती मराठीत मिळणे हेही कल्याणच आहे.

तोवर वस्तीवस्तीत एवढे सांगा: खाण्यापिण्याच्या भांड्यात रसायन ठेवू नका. मुलाने गिळलेच तर उलटी करवू नका, लिंबू-मीठ पाजू नका. तोंड धुवा, १०८ ला फोन करा आणि ती बाटली वा पुडी सोबत न्या. डॉक्टरांना विषाचे नाव कळण्याचा तोच एक मार्ग असतो.